धामणीची पेटी

घोणस पेटीत व्याली त्या दिवशी भाईनं घर सोडलं. सकाळी ती व्याली आणि दुपारी तो गेला. अम्मीनं त्याला जायला सांगितलं. अब्बा तिथंच होते. मी दारात उभी होते.

ती पेटी अब्बांनी केली होती, म्हणून आधी पेटीबद्दल लिहायला हवं. शिरूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढं अब्बांचं सुतारकाम, मागं आम्ही. मधे भिंत होती, पण भुशाला ती कधी अडवता आली नाही. चहाच्या कपात भुसा असायचा, उशीच्या अभ्र्यात असायचा, मी ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांच्या पानांत असायचा. ग्रंथपाल पुस्तक परत घेताना ते झटकून घेत आणि म्हणत, "मिस्त्रींच्या पोरीनं नेलं होतं वाटतं." दिवसभर रंधा चालायचा, त्याच्या मागून अम्मीचं भाकरी थापणं चालायचं, आणि रंधा थांबला की आम्ही घरातले सगळे मान वर करून बघायचो, कोण आलं म्हणून. घरात दखनी आणि मराठी अशी मिसळलेली बोली होती. कुठली कुठं संपते हे आम्हालाही सांगता आलं नसतं. इथं मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावते आहे. त्यात अम्मीच्या बोलण्याची धार थोडी बोथट होते, त्याला माझा इलाज नाही.

माझा थोरला भाऊ युनूस. मी त्याला भाई म्हणायची. अब्बांना वाटत होतं की तो रंधा हातात घेईल. त्यानं आयटीआय केलं आणि रांजणगावच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला. "लाकूड सोडून लोखंड घासायला गेला," असं अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सांगताना आवाज साधा असायचा, पण भाई कंपनीत लागल्यापासून दोघांमधलं बोलणं जेवणाच्या ताटापुरतं उरलं होतं. मीठ दे, पाणी दे, लाइट गेली. त्यात भाईला सापांचा नाद. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत साप निघाला की माणूस आमच्या दारात उभा. भाई सायकल काढायचा, कापडी पिशवी आणि वाकवलेली सळई घ्यायचा, साप धरायचा आणि लांब माळावर नेऊन सोडून यायचा. घरात तो कधी आणत नसे. अम्मीला हे सगळं एका डोळ्यानं दिसायचं आणि दुसऱ्या डोळ्यानं दिसायचं नाही.

मग ती धामण आली. उसाच्या फडात कोयत्याचा घाव बसून तिची पाठ फाटली होती. सोडली असती तर मुंग्यांनी खाल्ली असती. भाईनं ती पिशवीत घालून घरी आणली आणि अम्मीसमोर उभा राहिला. जखम भरेपर्यंत, एवढंच तो म्हणाला. धामणीला विष नसतं हे अम्मीला ठाऊक होतं. तिचं माहेर यवतचं, शेतातलं. तिनं वाकून पिशवीकडं पाहिलं आणि अट घातली.

"राहू दे. पण पेटीतनं एकदा जरी बाहेर आली, तर ती बी बाहेर आन् तू बी बाहेर. आन् जहरवाला घरात न्हाई. कवाच न्हाई."

"कबूल," भाई म्हणाला.

पहिली पेटी त्यानं स्वतःच केली. कारेगावच्या भंगारवाल्याकडून यंत्रांच्या पॅकिंगच्या फळ्या आणल्या आणि खिळे ठोकून चौकट उभी केली. अब्बांनी चष्मा कपाळावर चढवून ती चारी बाजूंनी पाहिली.

"हे काय हाय?"

"पेटी."

"टरबुजाचं खोकं हाय हे. यस्टीत नेलं तर कंडक्टर फोड मागंल."

अब्बांनी एका फटीत पट्टी घातली, ती आरपार गेली. दुसऱ्या फटीत घातली, तीही गेली. मग त्यांनी जमुरा घेऊन एकेक खिळा उपटायला सुरुवात केली. भाई थोडा वेळ बघत राहिला आणि मग समोर बसून उपटलेले खिळे सरळ करू लागला. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसले होते. कितीतरी महिन्यांनी ते दोघं एकाच बाकाशी बसले होते, आणि मला पान उलटायचीही भीती वाटत होती.

लाकूड कुठलं घ्यायचं यावरच दोन दिवस गेले. आंब्याला भुंगा लागतो. बाभूळ मजबूत, पण वाळताना चिरते, आणि चीर म्हणजे वाट. प्लायवूड भाईच्या मनात होतं. अब्बा म्हणाले, पाण्याची वाटी आत ठेवणार ना तू, मग कडेला ओल लागली की प्लायवूड या शमाच्या पुस्तकासारखं पानं पानं होऊन उघडतं. शेवटी माडीवरून जुन्या दाराच्या सागवानी फळ्या खाली आल्या. कुणीतरी घर पाडताना त्या आमच्याकडं टाकल्या होत्या. "नवं लाकूड बसल्यावर बी हलतं," अब्बा म्हणाले. "ह्याचं जेवढं हलायचं तेवढं हलून झालंय." भाईनं नुसती मान हलवली, पण फळीवरून हात फिरवला. ते अब्बांनी पाहिलं.

सांध्यांना त्यांनी खिळा लावला नाही. दात पाडून फळ्या एकमेकींत बसवल्या. सरस ओलीनं सुटतो म्हणून सांध्यात खडूची भुकटी आणि जवसाचं तेल कालवून केलेली लांबी भरली. ती घराघरांत खिडकीच्या काचेला लावतात तीच. आतल्या कोपऱ्यांत ती बोटानं दाबून गोल केली, म्हणजे घाण साचायला कोपराच नको. समोरून जुन्या शोकेसची काच खाचेत सरकवली. मग पॉलिशची पाळी आली आणि तिथं दोघांचं बिनसलं. अब्बांना लाखेचं पॉलिश आतून-बाहेरून हवं होतं. भाई म्हणाला, आतून नको, त्या स्पिरिटचा वास सापाला सोसत नाही. साप जिभेनं वास घेतो.

"मग आतनं उघडीच ठेवायची? म्हंजी पाहुण्याला वरनं इस्त्रीचा शर्ट आन् आतनं बनियन फाटकी."

"आतून मेण लावू या ना, अब्बा."

'लावू या' म्हणाला तो. मला ते अजून आठवतं. मधाच्या पोळ्याचं मेण जवसाच्या तेलात वितळवून दोघांनी आतून चोळलं आणि पेटी उन्हात ठेवली. वास गेला की नाही हे अम्मीच्या नाकावर सोपवलं होतं. ती रोज संध्याकाळी पदर खोचून पेटीत डोकं घालायची आणि म्हणायची, "हाय अजून." एक दिवस म्हणाली, "न्हाई आता. नुसतं लाकूड येतंय." त्या दिवशी पेटी पास झाली.

हवेसाठी भोकं पॉलिशच्या आधीच पाडून झाली होती. दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला अब्बांनी गिरमिटानं एका ओळीत भोकं पाडली. केवढी पाडायची हे ठरवताना त्यांनी भाईकडून धामणीचं डोकं नीट बघून घेतलं, मग आपली करंगळी पुढं केली. करंगळीएवढ्या भोकातून धामणीचं डोकं जाणं शक्य नव्हतं. वास गेल्यावर त्यांनी पेटीची शेवटची परीक्षा घेतली. तळाला पाणी ओतून ठेवलं, सकाळी फरशी कोरडी होती. नंतर आत गुळाचा खडा ठेवून काच लावली. आमच्याकडं पाण्याच्या आधी मुंग्यांना फट सापडते. संध्याकाळी गुळाला मुंग्या लागलेल्या दिसल्या. अब्बांनी भिंग घेऊन त्यांची रांग शोधली. ती भोकांमधून आत येत होती, एकाही सांध्यातून नाही. ते मोठ्यानं हसले. "वाऱ्याला वाट दिली तिथनं मुंगी येणारच. साप न्हाई ना येत?" भाईही हसला. आम्ही सगळेच हसलो.

तोवर पिशवीत ठेवलेली धामण मग त्या पेटीत राहिली. भाई तिला बाई म्हणायचा. जखम भरली, पण पाठ एका जागी वाकडी राहिली. तिला नीट पळता येणार नाही, म्हणून जखम भरेपर्यंतचा मुक्काम लांबत गेला. अम्मी कुरकुर करायची आणि भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची. "बघती कशी टकामका, सासूवानी." शेजारच्या बायका दळण घेऊन जाताना काचेपाशी थबकायच्या. दालच्याचा, मेथीच्या गोळाभाजीचा, सुकट भाजल्याचा वास त्या खोलीत भरायचा आणि बाई जीभ बाहेर काढून तो चाखायची. आज कुणी असा साप घरी ठेवत नाही. वनखात्याला कळवून लगेच सोडतात, आणि तेच बरोबर आहे. तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, आमच्या घरात एक माणूस वाढलं आहे. भाई आणि अब्बांचं बोलणं मीठ-पाण्याच्या पुढं गेलं होतं. पेटीला तेलाचा हात कधी द्यायचा, काच कुठं अडते, अशा बारीकसारीक गोष्टींवर दोघं तासभर घालवायचे.

उन्हाळा होता. कारेगावकडच्या एका आबांच्या चाळीत, साठवलेल्या कांद्यांखाली, घोणस निघाली. भाई कंपनीतून परत येताना त्यांनी त्याला रस्त्यातच गाठलं. जवळ सोडली तर लोक मारणार, लांब न्यायची तर सुट्टी नाही, आणि सुट्टी परवावर. त्यानं ती घरी आणली. बाईला एका पिशवीत हलवलं, घोणस पेटीत ठेवली, काचेवर गोणपाट टाकलं. अम्मीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "डुरक्या हाय, अम्मी. बिनविषारी." डुरक्या दिसायला घोणशीसारखाच, आखूड आणि जाड. अम्मीनं विश्वास ठेवला, कारण तोवर तो तिच्याशी खोटं बोललेला नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी अम्मी चहा गाळत होती. मी दात घासत होते. अम्मी म्हणाली, "शमा, कुकर बारीक कर."

"कुकर लावलाच नाही, अम्मी."

गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. शिट्टी होण्याआधी कुकर जसा फुसफुसतो तसा आवाज पुढच्या खोलीतून येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग अब्बांचा आवाज आला, हळू आणि अगदी सावकाश. "कुणी पाय खाली ठेवू नका. युनूसला उठवा."

रंध्याखालून पडलेल्या कुरळ्या पापुद्र्यांत काहीतरी हलत होतं. पेन्सिलीएवढं जाड, वीतभर लांब, अंगावर आईसारख्याच साखळ्या. एक बाकाच्या पायाशी होतं. एक पटाशीच्या पात्यावरून चाललं होतं. अब्बा बाकावर उभे होते, चप्पल हातात, आणि पेटीच्या भोकातून एक बारीक डोकं बाहेर येताना बघत होते. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि ती जन्मतःच विषारी असतात. भाईला हे माहीत होतं. तिच्या पोटाचा फुगवटा त्यानं पाहिला होता. उंदीर खाल्ला असेल असं त्याला वाटलं होतं.

तो आला. अम्मीची लोणच्याची बरणी आणि चुलीचा चिमटा त्यानं मागून घेतला. आधी ओल्या फडक्यांचे बोळे भोकांत कोंबले. मग गुडघ्यावर बसून एकेक पिल्लू उचलू लागला. उचलताना तो त्यांना दाबत नव्हता. मी आणि अम्मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसलो होतो आणि तिथून दाराच्या चौकटीत त्याची पाठ दिसत होती. गल्लीतली माणसं दाराशी जमली. कुणीतरी काठी पुढं केली, अब्बांनी ती काढून घेतली. उन्हं वर आली तेव्हा भाई उठला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. अम्मी ओट्यावरून उतरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हा डुरक्या हाय?"

"न्हाई. घोणस हाय."

"सगळी सापडली?"

"बरणीत आहेत तेवढी सापडली."

"बरणीतली न्हाई इचारली मी. झाली किती?"

"ते मला कसं कळणार, अम्मी?" तो म्हणाला. "मला न्हाई माहीत."

सगळी सापडली, असं त्यानं म्हटलं असतं तर अम्मीनं कदाचित मानलं असतं. तिला मानायचंच होतं. मी तिचा चेहरा बघत होते.

"भोकं मी पाडलीत," अब्बा मागून म्हणाले. "करंगळी मी मापली."

"भोकं तुम्ही पाडलीत. जहर तुम्ही आणलं न्हाई." आणि मग भाईला, "आपलं ठरलं हुतं, युनूस."

तो घोणस आणि बरणी घेऊन सायकलनं माळावर गेला, सगळी सोडून आला. अम्मीनं त्याला जेवायला वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर तेलाची धार. तो जेवला. तिनं आणखी चार भाकरी फडक्यात बांधून दिल्या. मग तो कपड्यांची पिशवी आणि बाईची पिशवी घेऊन निघाला. दौंडला आमच्या फुफीकडं, म्हणजे अब्बांच्या बहिणीकडं, तिच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. पेटी राहिली.

आम्ही घर बाहेर काढलं. पिंपं, गाद्या, भुशाची पोती, माझी पुस्तकं, सगळं अंगणात. अब्बांनी फळीन् फळी झटकली. काही सापडलं नाही. रात्री आम्ही गल्लीत खाटा टाकून झोपायचो आणि शेजारी थट्टा करायचे, "मिस्त्री, घर सापांना दिलं का भाड्यानं?" काही दिवसांनी आम्ही आत आलो, पण चप्पल झटकून घालायची सवय लागली ती कायमची. रंध्याचा आवाज परत सुरू झाला. भाईचं नाव कुणी काढत नव्हतं. तो फोन फुफीच्या शेजारच्यांकडून करायचा, आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. मी जाऊन बोलायची. अम्मी कशी आहे, एवढंच विचारायचा, आणि ती घरी घेईल का, हे विचारायचा नाही. ते आम्हाला दोघांनाही ऐकू यायचं.

मग एकदा अब्बा सरसाचा डबा शोधत होते. तो फडताळात मागं सरकला होता. डबा काढला तर त्याच्यामागं एक पिल्लू होतं. वाळून दोरीसारखं झालेलं. अब्बांनी अम्मीला हाक मारली. अम्मी आली, तिनं वाकून पाहिलं. मग तिनं ते कागदावर घेतलं आणि अंगणात पेरूच्या झाडाखाली खड्डा करून पुरलं. हात धुता धुता ती म्हणाली, "एवढंसं हुतं." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यो म्हणाला, मला न्हाई माहीत. सगळी सापडली म्हणाला असता तर खोटं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी अब्बा पेटीच्या भोकांवर लावायला जाळी आणायला बाजारात गेले. डासांची जाळी मिळत होती, ती त्यांना नको होती. ती बोटानं फाटते, म्हणाले. रिकाम्या हातानं परत आले आणि पेटीपुढं बसून राहिले. तेव्हा अम्मी आतून आली आणि तिची चाळणी तिनं बाकावर ठेवली. मोठी, पितळी जाळीची, यवतहून लग्नात आणलेली. मोहरमला चोंगे, म्हणजे गोड रोट्या, करायचे की पीठ तिच्यातूनच चाळायचं, आणि एरवी आम्हाला तिला हातही लावू द्यायची नाही.

"ही लावा. हिच्यातनं रवा बी जात न्हाई."

अब्बांनी चाळणीची कड कापली, जाळीचे तुकडे केले, प्रत्येक ओळीवर सागाची बारीक पट्टी ठोकून जाळी दाबून बसवली. कडेला लांबी भरली. मग आत गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी मुंग्या पट्टीच्या बाहेर फिरत होत्या आणि गूळ तसाच होता. या वेळी ते हसले नाहीत.

रविवारी अब्बा आणि मी पेटी घेऊन निघालो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला. कंडक्टर ओळखीचा होता.

"मिस्त्री, पेटीत काय?"

"काय न्हाई."

"आन् रिकामी पेटी दौंडला कशापायी नेताय?"

"भराय," अब्बा म्हणाले. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागले.

क्वार्टरच्या मागूनच गाड्या जायच्या आणि प्रत्येक गाडीला फुफीच्या फळीवरची भांडी वाजायची. भाई दारात आला. तो बारीक झाला होता. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. अब्बांनी पेटी खाली ठेवली. भाई उकिडवा बसला आणि जाळीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"ही अम्मीची चाळणी हाय."

"रवा बी जात न्हाई म्हणाली."

"घरी ये म्हणाली का?"

"चाळणी दिली," अब्बा म्हणाले. "आनखी काय म्हणायचं असतं?"

भाईनं मान खाली घातली. एक मालगाडी आली आणि ती संपेपर्यंत कुणालाच बोलता आलं नाही. ते बरं झालं.

मोहरमला तो शिरूरला आला. अम्मीनं चोंगे केले होते. पीठ शेजारणीच्या चाळणीतून चाळलेलं, तिची जाळी मोठी. "खरबरीत झालेत," अम्मी म्हणाली. "चांगले झालेत," भाई म्हणाला आणि दोन खाल्ले, मग आणखी एक घेतला. जाताना अम्मी दारापर्यंत आली आणि विचारलं, "तुझी बाई बरी हाय का?" तो कायमचा परत आला नाही. नोकरी तिथं होती, पुढं लग्नही तिथलंच झालं. पण सण चुकवला नाही. यवत-दौंडकडं साप निघाला की आता त्याला बोलवायचे. बाई त्या पेटीत म्हातारी झाली आणि एका हिवाळ्यात मेली. त्यानंतर त्यानं पेटीत दुसरा साप ठेवला नाही.

भाई यंदा गेला. लोक विचारतात, साप चावला का? नाही. छातीत दुखलं आणि दवाखान्यातच गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी दौंडला होते. निघताना भाभी म्हणाली, पेटी तुम्ही न्या. तिला ठेवायला जागा नव्हती असं नाही. मी गाडी करून पेटी शिरूरला आणली. अम्मीला आता नीट दिसत नाही. तिनं पेटीवरून हात फिरवला आणि जाळीपाशी थांबवला. ती चाळणी पेटीला दिल्यानंतर तिनं स्वतःसाठी दुसरी कधी घेतली नव्हती. आमच्या घरात पीठ अजून मागून आणलेल्या चाळणीनं चाळतात.

अब्बा नाहीत, भाई नाही. पेटी माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी आहे. सांधे पक्के आहेत, जाळी शाबूत आहे, आणि आत काही नाही.